पायडल नसलेली सायकल: गावातल्या आईबापांचे नेहमीचे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. दर रविवारी सकाळी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर आम्ही दोन ते सहा वर्षांच्या लेकरांना सायकल शिकवतो. सायकली पाच आहेत, दोन विकत घेतलेल्या आणि तीन भंगारातून आणून पायडल काढलेल्या. आसपासच्या गावांतले आईबाप कधी फोन करतात, कधी आठवडी बाजारात गाठतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

बॅलन्स बाईक म्हणजे नेमकं काय?

दोन चाकं, एक सीट, एक हँडल. पायडल नाही, चेन नाही, बाजूची चाकं नाहीत. लेकरू सीटवर बसतं, दोन्ही पाय जमिनीला टेकतात आणि पायांनी ढकलत पुढे जातं. आमच्याकडची पोरं तिला पायगाडी म्हणतात.

हे खूळ आजचं नाही. जगातली पहिली दुचाकी अशीच होती. 1817 साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी लाकडाची दोन चाकी गाडी केली आणि मॅनहाइम शहराबाहेर पायांनी ढकलत चालवून दाखवली. पायडल लागले ते 1860 च्या दशकात, फ्रान्समध्ये. म्हणजे चाळीसेक वर्षं माणसं आधी तोल सांभाळत होती, पायडल नंतर मारायला लागली. लेकरांनीही त्याच क्रमाने शिकावं एवढंच आमचं म्हणणं आहे.

“पायडलच नाही तं सायकल येईन कशी?”

पायडल मारणं ही सायकलमधली सोपी गोष्ट आहे. अवघड आहे तो तोल.

चालती सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडेच वळवावं लागतं. चाक कललेल्या अंगाखाली येतं आणि सायकल पुन्हा उभी राहते. उजवीकडे कलली तर उजवीकडे. आपण सायकल चालवतो तेव्हा हे सारखं चालू असतं, इतकं बारीक की आपल्याला कळतही नाही. तोंडाने सांगून हे कोणाला येत नाही, अंगालाच शिकावं लागतं. पाय जमिनीजवळ असले की लेकरू न घाबरता शंभरदा कलतं, शंभरदा सावरतं, आणि एक दिवस पाय उचलून गाडी सोडून देतं. तो दिवस आला की सायकल आली समजा.

बाजूची दोन चाकं लावली तर काय बिघडतं?

दुकानातली छोटी सायकल त्या चाकांसकटच येते, म्हणून हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. ती चाकं सायकलला कलूच देत नाहीत. लेकरू वर्षभर पायडल मारतं, पण तोलाचा धडा एक दिवसही होत नाही. उलट वळताना वाकडी सवय लागते. सायकल आत कलत नाही म्हणून लेकरू अंग बाहेर टाकतं. चाकं काढली की ती सवय मोडायची आणि तोल पहिल्यापासून शिकायचा, असं दुहेरी काम होतं. शिवाय आपल्या रस्त्यांना खाचखळगे. खड्ड्यावर ती चाकं टेकतात, मागचं चाक अधांतरी होतं आणि पायडल नुसते फिरत राहतात.

तीनचाकीचंही तेच. अंगणात खेळायला चांगली, तोल शिकायला कामाची नाही.

चाकं आधीच लावली असतील तर घाबरू नका. चाकं काढा, सोबत पायडलही काढा, सीट खाली घ्या. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल.

कोणत्या वयात सुरू करावं?

लेकरू नीट चालायला, थोडं धावायला लागलं की. बहुतेकांचं दीड-दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत जमतं. आमच्याकडे सगळ्यात सुखाने शिकतात ती अडीच ते चार वर्षांची. दीड वर्षाचं लेकरू गाडी नुसती पायांमध्ये धरून फिरवतं, सीटवर बसतही नाही. ते ठीक आहे, तेही शिकणंच आहे. चालायला उशीर झालेलं किंवा काही त्रास असलेलं लेकरू असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

नवी घ्यावी की घरच्या जुन्या सायकलची करावी?

आधी वजन बघा, बाकी सगळं नंतर. गाडी लेकराच्या वजनाच्या तीस टक्क्यांहून जड नको. बारा किलोच्या लेकराला साडेतीन किलोपर्यंतची गाडी पेलते. विकतच्या चांगल्या बॅलन्स बाईक तीन ते पाच किलोंत बसतात. आपल्याकडची 12 इंची लोखंडी सायकल मात्र पायडल, चेन, मडगार्ड, कॅरिअर सगळं काढलं तरी सहा-सात किलोंची राहते. दोन वर्षांच्या लेकरावर ती पडली की ते पुन्हा जवळ जात नाही. पण चार-पाच वर्षांच्या धडधाकट पोराला ती या हिशेबाहून थोडी जड असली तरी चालते, आणि गावात अशी सायकल कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर पडलेली असतेच. म्हणून माझा सल्ला असा: लेकरू तीनच्या आत असेल आणि दोन-अडीच हजार खर्च करणं शक्य असेल तर हलकी नवी घ्या, किंवा तीन-चार घरांनी मिळून एक घ्या. चारच्या पुढचं असेल तर जुनीच पुरे.

टायर फोमचे की हवेचे? आपल्या भागात फोमचे. सराटे आणि बाभळीचे काटे इतके आहेत की हवेची छोटी ट्यूब दर आठवड्याला पंक्चर होते. फोम ओल्या गुळगुळीत फरशीवर घसरतो आणि दणके जास्त देतो, एवढं लक्षात ठेवा.

जुन्या सायकलचे पायडल कसे काढायचे?

इथे खूप जण फसतात, म्हणून सविस्तर सांगते. मीही फसले होते. पहिल्या सायकलचा डावा पायडल सैल करायला अर्धा तास जोर लावला, पान्यावर उभी राहिले, आणि तो आणखीच आवळत गेला. शेवटी चौकातल्या सायकल दुकानवाल्या काकांनी हातातून पाना घेतला, उलटा फिरवला आणि दोन झटक्यांत पायडल माझ्या हातात ठेवला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवा पायडल नेहमीसारखा डावीकडे फिरवून सुटतो, डावा उजवीकडे फिरवून. एक खूण लक्षात ठेवा: पाना पायडलच्या दांड्याला लावून वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना असंच सुटतं.

बहुतेक पायडलला 15 नंबरचा पाना लागतो. गंजून घट्ट झाला असेल तर आटे जिथे घुसतात तिथे आदल्या रात्री रॉकेल किंवा तेलाचे चार थेंब सोडा.

नुसते पायडल काढून थांबू नका. उरलेले क्रँक, म्हणजे पायडल ज्यांना जोडलेले असतात ते दांडे, लेकराच्या नडगीला लागतात आणि पाऊल मोकळं टाकू देत नाहीत. क्रँक आडव्या खिळीने (कॉटर पिनने) बसवलेला असेल तर पिनचा नट काढून लाकडी ठोकळ्यावरून हातोडीने पिन ठोकून काढा. पुष्कळ छोट्या सायकलींना एकसंध वाकवलेला क्रँक असतो. त्यात आधी चेन काढा, मग डाव्या बाजूचा नट. हा नटही उलट्या आट्यांचा असतो. मग अख्खा क्रँक तिरका करून उजवीकडून बाहेर निघतो. आतून ग्रीस आणि छर्रे बाहेर येतील. खाली जुनी ताटली धरा, नाहीतर छर्रे अंगणभर होतात आणि लहान लेकरं ते तोंडात घालतात. काढलेलं सगळं सामान पिशवीत बांधून ठेवा. वर्षाने तेच परत लावायचं आहे. रिकाम्या नळीत दोन्हीकडून फडक्याचा बोळा कोंबा, माती आत जाणार नाही.

चेन झाकणारा पत्रा, मडगार्ड, कॅरिअर, टोपली, सगळं उतरवा. प्रत्येक अर्धा किलो लेकराच्या कामी येतो. शेवटी हँडलच्या मुठी बघा. मुठीचं रबर फाटून आतली नळी उघडी असेल तर नवीन मुठी घाला. पडताना पोटात घुसते ती हीच नळी.

गावातल्या सुताराकडून लाकडी करून घेता येईल का?

येईल. तान्ह्या पोळ्याला चाकांचे लाकडी नंदी करणाऱ्या विदर्भातल्या सुताराला ही गाडी समजावून सांगावी लागत नाही. आमच्या सुतारबाबांनी बघताक्षणी विचारलं, “हँडल किती फिरवायचं?” बरोबर तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. हँडल दोन्हीकडे मोकळं वळलं पाहिजे, पण पूर्ण उलटं फिरायला नको.

नंदीची चाकं मात्र वापरू नका. ती खिळ्यावर घासत फिरतात, ओढायच्या खेळण्याला चालतात, पण लेकराने पाय उचलले की गाडी तिथेच थांबते. तोल शिकायला गाडी घरंगळायला हवी. जुन्या 12 इंची सायकलची चाकं छर्‍यांसकट लावून घ्या. सागाचा जाड दांडा मजबूत होतो, पण जड होतो, म्हणून मधला भाग कोरून हलका करायला सांगा. कडा घासून गोल करा आणि बोल्टची टोकं आत बुडवा.

सीट किती उंच ठेवायची?

लेकराला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभं करा. पायांच्या मध्ये एक पाठ्यपुस्तक आडवं धरून वर सरकवा, अंगाला टेकलं की भिंतीवर पेन्सिलने खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंत मोजा, त्यातून दोन-तीन सेंटिमीटर वजा करा. तेवढी सीट. बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे जरासे वाकलेले राहिले पाहिजेत. टाचा उचललेल्या दिसल्या की सीट उंच आहे. लेकरं भराभर वाढतात, दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा.

कुठे शिकवावं? आमच्याकडे रस्ता म्हणजे ट्रॅक्टरच.

रस्त्यावर नकोच. शाळेचं मैदान, समाजमंदिरासमोरची फरशी, मळणी उरकलेलं खळं. मुरूम दाबून बसलेली जागा सगळ्यात छान. पांदण रस्ता चाकोऱ्यांमुळे निकामी. वावरातली काळी माती तर नकोच: पावसात ती चाकाला लिंपत जाते आणि चार पावलांत गाडी अडते, उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात आणि छोटं चाक त्या भेगेत अडकून लेकरू हँडलवरून पुढे जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सुरू करण्याआधी जागेवरून स्वतः एक फेरी मारा. काच, सराटे, तारेचे तुकडे वेचा. उघडी नाली किती दूर आहे ते बघा. आणि विहीर. कठडा नसलेली विहीर किंवा शेततळं जवळ असेल तर ती जागा सोडा, कितीही सपाट असो. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. पायगाडीवरचं लेकरू आपल्या चालण्यापेक्षा वेगाने जातं, हे पहिल्या महिन्यात कोणाच्या लक्षात येत नाही.

थोडा उतार मिळाला तर सोनं. दहा पावलांत वीतभर उतरणारा, आणि पुढे सपाट जागा असलेला. पाय उचलायला लेकरं तिथेच शिकतात.

पहिल्या दिवशी काय करायचं?

फार काही नाही. गाडी द्या आणि बाजूला व्हा. लेकरू गाडी पायांमध्ये धरून उभ्यानेच चालेल. काही दिवसांनी सीटवर बसून चालेल, मग लांब ढांगा टाकेल, मग दोन ढांगांमध्ये पाय क्षणभर हवेत राहतील. कोणाला दोन आठवडे लागतात, कोणाला चार महिने. घाई करू नका, शेजारच्या पोराशी तुलना तर मुळीच नको. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. कंटाळायच्या आत थांबवलं तर दुसऱ्या दिवशी ते स्वतः गाडी काढतं.

आणि हँडल धरू नका. हात जोडून सांगते. तुम्ही हँडल धरलं की कललेल्या बाजूला वळवायचं काम तुमचे हात करतात, लेकराचे काहीच शिकत नाहीत. सीटही धरू नका. भीती वाटत असेल तर शेजारून चाला, फार तर पाठीवर एक हात ठेवा. गेल्या हिवाळ्यात एक आजी नातवाच्या मागे सीट धरून वाकून पळायच्या. तीन रविवार झाले. चौथ्या रविवारी नातूच म्हणाला, “आजी, सोड ना मले.” आजींनी सोडलं, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पोरगं कडुनिंबापर्यंत गेलं, वळलं आणि परत आलं.

“समोर बघ” एवढं एकच वाक्य बोला. लेकरं चाकाकडे बघतात, आणि जिकडे बघतात तिकडेच जातात. दगडाकडे बघितलं की दगडावर.

लेकरू बसायलाच तयार नाही. काय करू?

गाडी ओसरीवर उभी ठेवा आणि विषय सोडून द्या. दुसरं लेकरू खेळताना दिसू द्या. बाहुली सीटवर बसवून फिरवू द्या. रागावून, आमिष दाखवून बसवलेलं लेकरू उतरल्यावर पुन्हा चढत नाही. सीट एक बोट खाली घेऊनही बघा. पुष्कळदा हट्ट नसतो, पाय नीट टेकत नसतात.

पडलं तर?

पडेल. पण उंचावरून नाही, आणि बहुतेकदा पाय टेकून सावरेल. खरचटलं तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, राख, माती भरू नका. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, ते लसीकरणाच्या कार्डावर बघून ठेवा. डोक्यावर पडलं आणि नंतर उलटी झाली, गुंगी आली, विचित्र वागू लागलं, तर वाट न बघता 108 ला फोन करा.

हेल्मेट हवंच. मोटरसायकलचं नको, त्याचं ओझं लहान मानेला पेलत नाही. सायकलचं हलकं हेल्मेट घ्या. कपाळावरून फिता फिरवून डोक्याचा घेर मोजूनच घ्या. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं यावं, मागे कललेलं नसावं, आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेलाच असावा. जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. आणि गाडीवरून उतरून लेकरू झाडावर, घसरगुंडीवर जाणार असेल तर आधी हेल्मेट काढा, पट्टा अडकून गळा आवळू शकतो.

पायात बूट. आपल्याकडची लेकरं अनवाणी हुंदडतात आणि मला त्याचं कौतुकच आहे, पण इथे पाय हाच ब्रेक असतो. मुरमावर अंगठ्याची साल निघते. स्लिपर चाकात जाते. शाळेचे कॅनव्हासचे बूट उत्तम.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काय?

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर दिवस बुडाल्यावर. उन्हात ठेवलेल्या गाडीची काळी सीट आणि हँडलची नळी आधी स्वतःच्या हाताने चाचपा. पाण्याची बाटली हवी, आणि लेकरू मागेल याची वाट न बघता पाजा. पावसाळ्यात फक्त कोरडी फरशी. सोयाबीन निघाल्यापासून होळीपर्यंतचे महिने शिकायला सगळ्यात चांगले.

पायडलची सायकल कधी द्यायची?

लेकरू पाय उचलून पाच-सहा सेकंद सरळ जातं, वळण घेतं, आणि सांगितल्या जागी थांबतं. या तिन्ही गोष्टी जमल्या की द्या. बहुतेकांचं साडेतीन ते पाच वर्षांत होतं. 14 किंवा 16 इंची घ्या, पुढे वाढेल म्हणून 20 इंची घेऊ नका. सीट सुरुवातीला इतकी खाली ठेवा की पाय टेकतील. बाजूची चाकं दुकानातच काढून ठेवायला सांगा.

नवीन गोष्टी दोनच असतात. एक, निघताना एक पायडल वर-पुढे आणून त्यावर जोर देणं. दोन, हाताचा ब्रेक. आपल्याकडच्या छोट्या सायकलींचा ब्रेक फार कडक असतो, चार वर्षांच्या बोटांना दबतच नाही. दुकानातच लेकराला दाबून बघू द्या. दबला नाही तर तार सैल करून, तेल देऊन, लिव्हरचा स्क्रू फिरवून लिव्हर मुठीजवळ आणून द्यायला सांगा. तोवर लेकरू बूट घासत थांबेल आणि बूट झिजवेल.

घरचे म्हणतात, पोरीला इतक्या लहानपणी कायले पाहिजे?

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत गावाबाहेर शाळेला जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. फार चांगली गोष्ट आहे. पण कित्येक मुलींच्या हाती सायकल येते तेव्हा त्यांना ती चालवताच येत नसते. मी त्यातलीच. भाऊ सहा वर्षांचा असताना बाबांच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारायला शिकला, मला कोणी बसवलंच नाही. तेराव्या वर्षी, सगळं गाव बघत असताना, धडपडत शिकायला किती लाज वाटते ते मला ठाऊक आहे. पहिला महिनाभर मी सायकल हातात धरून शाळेत चालत गेले.

अडीच वर्षांच्या पोरीला ती लाज माहीतच नसते. आमच्या मैदानावर पोरी पोरांइतक्याच पडतात आणि पोरांच्या बरोबरीनेच शिकतात. फ्रॉकऐवजी चड्डी किंवा लेगिंग घाला, घेर चाकात जातो.

मी स्वतः पस्तिशीची आहे. मला येईल का?

येईल, आणि याच रीतीने. मोठी लेडीज सायकल घ्या, दोन्ही पायडल काढा, सीट पूर्ण खाली करा, तळपाय टेकले पाहिजेत. साडी नको, पंजाबी घाला आणि ओढणी कमरेला बांधा. आमच्या बचत गटातल्या चौघी रोज संध्याकाळी अंधार पडायच्या बेताला शाळेमागच्या सिमेंट रस्त्यावर सराव करायच्या, कोणी बघू नये म्हणून. दोघींना नवव्या-दहाव्या दिवशी पाय उचलता आले, एकीला महिना लागला. चौथीने पायडल लावल्यावर पहिली फेरी दिवसाउजेडी मारली, बाजारच्या रस्त्याने, मागे कॅरिअरवर दळणाचा डबा बांधून.